चांदीचे कण, रोहूची बोटुकली आणि हायपोची बाटली

शुक्रवारी सकाळी दहा वाजता विषबाधेच्या चाचणीचे ९६ तास पूर्ण झाले, तेव्हा सातही टाक्यांमधले सत्तरच्या सत्तर मासे जिवंत होते. पाच टाक्यांत चांदीच्या नॅनोकणांची, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची, चढती मात्रा, एकीत नुसतं पाणी आणि एकीत सिल्व्हर नायट्रेट. पीएचडीचा पहिलाच प्रयोग होता आणि मी हरखून गेले होते. ‘रोहूसाठी निर्धोक नॅनोचांदी’ असं शोधनिबंधाचं शीर्षकही मनात तयार होतं.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी वही पाहिली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. सिल्व्हर नायट्रेट, लिटरला १०० मायक्रोग्राम, मृत्यू शून्य. “हे कसं?” एवढंच विचारलं. विरघळलेली चांदी ही गोड्या पाण्यातल्या माशांसाठी सर्वांत जहाल धातूंपैकी एक. अनेक जातींचे मासे याहून कितीतरी कमी मात्रेत दगावतात. माझे मासे मात्र मजेत फिरत होते, म्हणजे घोळ माशांत नव्हता आणि नॅनोकणांतही नव्हता. मॅडमचा दुसरा प्रश्न होता, “पाणी कुठलं?”

पाणी नळाचं होतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि तो माशांना मारतो, हे आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हणून ५०० लिटरच्या साठवणीच्या टाकीत ते चमचाभर हायपो टाकायचे. मत्स्यालयाच्या दुकानात ‘अँटिक्लोरीन’ म्हणून जे थेंब किंवा खडे मिळतात, ते बहुतेक वेळा हेच, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. मामांनी वर्षानुवर्षं असेच मासे जगवले होते आणि त्यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं माझं. कारण हायपो म्हणजे जुन्या काळी फोटो धुताना फिल्मवरचे उरलेले चांदीचे क्षार विरघळवून काढायला वापरत तेच रसायन. ते चांदीच्या आयनाला, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या भारित अणूला, असं कवटाळतं की तो माशापर्यंत पोचतच नाही. हिशेब करून पाहिला. ५०० लिटरला ५ ग्रॅम हायपो म्हणजे लिटरला १० मिलिग्राम, म्हणजे ४० मायक्रोमोल (मोल हे कणांची संख्या मोजायचं माप). चांदी जेमतेम १ मायक्रोमोल. दर आयनामागे चाळीस पहारेकरी! थायोसल्फेटने बांधलेली चांदी माशांना मोकळ्या चांदीपेक्षा हजारो पटींनी कमी घातक असते, हे १९८०च्या दशकातच, फोटो-उद्योगाच्या सांडपाण्याच्या निमित्ताने, तपासून झालेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं, कारण माझं सगळं वाचन ‘नॅनो’ या शब्दाने सुरू होणाऱ्या शीर्षकांचं होतं.

तीन महिन्यांचं काम गेलं. धातूंच्या नॅनोकणांचा माशांवर काय परिणाम होतो, या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी लिहायला बसले की मला ती बाटली आठवते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात केली.

चांदी माशाला मारते कशी, हे आधी नीट समजून घ्या. पुढचे निम्मे निर्णय त्यावरून आपोआप होतात. गोड्या पाण्यातला मासा म्हणजे मिठाची पिशवी बेचव पाण्यात सोडल्यासारखा. त्याच्या रक्तात सोडियम लिटरला सुमारे १५० मिलिमोल, बाहेरच्या पाण्यात बहुधा १ मिलिमोलच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. क्षार सतत बाहेर झिरपत असतात आणि कल्ल्यांमधल्या पेशी ते सतत आत ओढून घेत असतात. हे ओढून घेण्याचं यंत्र म्हणजे सोडियम-पोटॅशियम एटीपेज नावाचं विकर. चांदीचा आयन नेमका तिथे जाऊन बसतो. आवक बंद, गळती चालू. रक्तातले क्षार घटतात, रक्त दाट होतं आणि शेवटी रक्ताभिसरणच कोलमडतं. मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करू लागला की आपल्याला वाटतं गुदमरतोय. चांदीच्या कमी मात्रेत तो बहुतेक वेळा क्षार गमावून मरत असतो.

आता यात नॅनोकण कुठे आला? चांदीचा कण पाण्यात हळूहळू विरघळतो आणि आयन सोडतो. कण जितका लहान तितका पृष्ठभाग जास्त. २० नॅनोमीटर व्यासाचे कण घेतले तर १ ग्रॅम चांदीला साधारण २८ चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो, म्हणजे दोन-तीन खोल्यांची फरशी. आणि अवघ्या १ मायक्रोग्राममध्ये असे दोन हजार कोटींहून जास्त कण असतात. म्हणून चांदीच्या बाबतीत पहिला प्रश्न कायम हाच: मासा कणाने मेला की कणातून सुटलेल्या आयनाने? झिंक ऑक्साइडलाही हाच प्रश्न लागू. टायटॅनियम डायऑक्साइड जवळपास विरघळतच नाही, तिथे प्रश्न वेगळा: त्यावर अतिनील प्रकाश पडत होता का? तांब्याचं आणखी निराळं. २००७ साली झेब्राफिशवर झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात तांब्याच्या नॅनोकणांचं ४८ तासांचं एलसी-५०, म्हणजे निम्मे मासे मारणारी मात्रा, लिटरला १.५ मिलिग्राम आलं आणि कल्ल्यांना झालेली इजा नुसत्या विरघळलेल्या तांब्याने समजावता येत नव्हती. म्हणजे ‘सगळं आयनांमुळेच होतं’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत. धातू बदलला की प्रश्न बदलतो. ‘धातूंचे नॅनोकण’ असा सरसकट विषय घेऊन कुणी आलं तर मी आधी विचारते, कुठला धातू?

इथे थोडं कडवट बोलते. आपल्याकडे एमएस्सीच्या प्रकल्पांत कडुनिंब, तुळस, कोरफड, शेवगा यांच्या पानांचा काढा करून त्यात सिल्व्हर नायट्रेट ओतायचं, रंग तपकिरी झाला की ‘हरित नॅनोकण’ तयार, आणि ते माशांवर तपासायचे, अशी लाट आहे. मीही त्यातूनच आले. काढ्याने कण बनतात हे खरंच आहे. पण बाटलीत तेवढेच नसतात. न वापरलेलं सिल्व्हर नायट्रेट असतं, काढ्यातली टॅनिनं आणि सॅपोनिनं असतात, आणि सॅपोनिन तर मासे मारायला पूर्वापार वापरतात. कण वारंवार सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून, धुतले नाहीत आणि नुसत्या काढ्याची वेगळी टाकी ठेवली नाही, तर मासा कशाने मेला हे तुम्ही कधीच सांगू शकणार नाही. ‘वनस्पतीपासून बनले म्हणून निर्धोक’ हे तर प्रबंधात लिहूच नका. चांदी ती चांदीच. पहिल्या प्रयोगासाठी सिट्रेट किंवा पीव्हीपी या बहुलकाचं आवरण असलेले, आकार माहीत असलेले कण विकत घ्या. महाग पडतात, पण वर्ष वाचतं.

नियंत्रण टाक्यांवर कंजुषी करू नका. माझ्या आताच्या मांडणीत चार असतात: नुसतं पाणी, कणांच्या आवरणाचं रसायन तेवढंच, सिल्व्हर नायट्रेट, आणि कणांचं द्रावण गाळून कण बाजूला काढल्यावर खाली उरलेलं पाणी. शेवटची टाकी सगळ्यांत त्रासाची आणि सगळ्यांत बोलकी. दुसऱ्या टाकीचं महत्त्व पटत नसेल तर फुलरीनची गोष्ट ऐका. फुलरीन हा कार्बनचा गोल रेणू, धातू नव्हे, पण या क्षेत्राचा पहिला मोठा गाजावाजा त्याचाच. २००४ साली एव्हा ओबरडॉर्स्टर यांनी लार्जमाउथ बास माशांच्या मेंदूत फुलरीनमुळे मेदाम्लांचं ऑक्सिडीकरण दिसल्याचं प्रसिद्ध केलं आणि नॅनोकणांच्या भीतीची जगभर चर्चा झाली. ते फुलरीन पाण्यात मिसळण्यासाठी टेट्राहायड्रोफ्युरान हे द्रावक वापरलं होतं. २००७मध्ये झेब्राफिशच्या पिल्लांवर झालेल्या दुसऱ्या गटाच्या कामाने दाखवलं की अशा मिश्रणातला परिणाम त्या द्रावकाच्या विघटनातून तयार झालेल्या पदार्थांचा होता. मुरलेल्या संशोधकांच्या बाबतीत हे होऊ शकतं. आपण तर आत्ता कुठे बीकर धुवायला शिकतोय.

पाण्याकडे परत येते. हायपो वर्ज्य केल्यावर मी बोअरचं पाणी घेतलं. आमच्या भागातलं बोअरचं पाणी म्हणजे भांड्याला पांढरा थर धरणारं. त्यातलं कॅल्शियम कणांवरचा विद्युतभार झाकून त्यांचे गठ्ठे करतं आणि क्लोराइड चांदीला बांधतो. पिवळसर द्रावण दुसऱ्या दिवशी राखाडी झालं, तळाशी धुळीसारखा साका. मग पुस्तकी मार्ग धरला: आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचं कृत्रिम पाणी. शुद्ध पाण्यात लिटरला कॅल्शियम क्लोराइड २९४ मिलिग्राम, मॅग्नेशियम सल्फेट १२३.२५, सोडियम बायकार्बोनेट ६४.७५ आणि पोटॅशियम क्लोराइड ५.७५. मात्र बेरीज केलीत तर याच्यातही क्लोराइड १४० मिलिग्रामच्या पुढे जातो! बाकी असंख्य रसायनांसाठी हे पाणी उत्तम, चांदीसाठी अडचणीचं. म्हणून चांदीवाले लोक कॅल्शियम क्लोराइडऐवजी कॅल्शियम नायट्रेट घालतात किंवा पाणीच पातळ करतात. आम्ही पातळ केलं. रोहूला ते मानवतं का हे पाहण्यात आणखी तीन आठवडे गेले.

तुमच्याकडे नळाचंच पाणी असेल तर उघड्या टाकीत दोन-तीन दिवस हवा सोडून क्लोरीन उडवा किंवा कोळशाच्या गाळणीतून काढा, आणि क्लोरीन तपासायची पट्टी जवळ ठेवा. तापमान, सामू, कठीणपणा, क्लोराइड, विरघळलेला ऑक्सिजन या पाच गोष्टी रोज वहीत. विरघळलेला सेंद्रिय कार्बन मोजता आला तर सोन्याहून पिवळं. पानांच्या कुजण्यातून येणारी ह्युमिक द्रव्यं कणांवर आवरण चढवतात आणि विषारीपणा बराच खाली आणतात.

माशांचं म्हणाल तर दुकानातून आणून त्याच आठवड्यात प्रयोग लावू नका. मत्स्यबीज केंद्रातून एकाच खेपेची, एकाच वयाची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, घ्या आणि किमान दोन आठवडे रुळू द्या. त्या काळात अंगावर पांढरे ठिपके दिसले तर ती खेप बाद. आणि हो, रुळवताना दुकानदाराच्या सल्ल्याने खडेमीठ टाकायचा मोह होतो. मीठ म्हणजे क्लोराइड. बोटुकली साधारण २ ग्रॅमची धरली तर दहा माशांना २० लिटर पाणी लागतं, कारण स्थिर पाण्यातल्या चाचणीत लिटरला १ ग्रॅमपेक्षा जास्त मासे भरायचे नाहीत असा ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेच्या २०३ क्रमांकाच्या चाचणीपद्धतीतला जुना दंडक आहे. दहा लिटरच्या बादलीत दहा बोटुकली कोंबलेले फोटो मी प्रबंधांत पाहिलेत. त्याच पद्धतीत दर मात्रेला किमान सात मासे, चाचणीआधी २४ तास खाणं बंद, ऑक्सिजन संपृक्ततेच्या ६० टक्क्यांवर आणि नियंत्रण टाकीत मृत्यू १० टक्क्यांच्या आत, अशा अटी आहेत. २०१९ची किंवा त्यानंतरची सुधारित आवृत्तीच वाचा. तिच्यात माशाच्या वागण्यातली लक्षणं नोंदवण्यावर भर आहे. तोल जाणं, तळाशी पडून राहणं, कल्ल्यांची झाकणं भराभर हलणं. ही नोंद नुसत्या मेलेल्या माशांच्या आकड्यापेक्षा जास्त सांगते.

प्रयोग सोमवारी सकाळीच लावा. ९६ तास शुक्रवारी संपतात. मी एकदा बुधवारी लावला आणि रविवारी बंद इमारतीच्या दारात रखवालदाराची विनवणी करत उभी होते. भारनियमनासाठी बॅटरीवरचा हवापंप हवा. हातमोजे घाला, नाहीतर सिल्व्हर नायट्रेटने बोटं आठवडाभर काळी राहतात आणि लग्नकार्यात प्रत्येकाला उत्तर देत बसावं लागतं.

यानंतर खरी डोकेदुखी: टाकीत लिहिलेली मात्रा आणि टाकीतली मात्रा. कण काचेला चिकटतात, तळाशी बसतात, माशाच्या विष्ठेत आणि चिकट स्रावात अडकतात. चाचणीचा संकेत सांगतो की मात्रा ठरवलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांच्या खाली जाऊ नये; नॅनोकणांच्या टाकीत ही अट पहिल्याच दिवशी मोडते. म्हणून पाणी रोज बदला, नमुने दर दिवशी काढा आणि आयसीपी-एमएस या धातूंचं अत्यल्प प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर मोजून घ्या. विद्यापीठात यंत्र नसेल तर पैसे भरून बाहेर पाठवा. टीईएमच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या, प्रतिमा आम्ही आयआयटी मुंबईच्या सैफ या बाहेरच्यांनाही खुल्या असलेल्या उपकरण केंद्रातून काढून घेतल्या. असं केंद्र आहे हेच अनेक विद्यार्थ्यांना माहीत नसतं. आपला नंबर यायला वेळ लागतो, तेव्हा अर्ज आधीच टाकून ठेवा.

कणांचा आकार मोजणाऱ्या डीएलएस यंत्राच्या एका आकड्यावर विसंबू नका. ते प्रकाशाच्या विखुरण्यावरून आकार काढतं आणि लहान कणांचं विखुरणं व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतं. १०० नॅनोमीटरचा एक गठ्ठा १० नॅनोमीटरच्या सुमारे दहा लाख कणांइतका चमकतो. चार गठ्ठे सगळ्या पिल्लावळीला झाकून टाकतात. शिवाय तुम्ही बाटलीतल्या द्रावणाचा आकार मोजता आणि मासा टाकीतल्या द्रावणात पोहतो. टाकीतलं पाणी घेऊन मोजा, शून्य तासाला आणि २४ तासांनी.

कल्ल्यांच्या काचपट्ट्या हा माझा आवडता भाग. पॅराफिन मेणात बसवलेला कल्ला, ५ मायक्रोमीटरचा काप, हिमॅटॉक्सिलिन-इओसिनची जांभळी-गुलाबी छटा. निरोगी कल्ला फणीसारखा दिसतो. चांदीच्या टाकीतल्याची पटलं जाड होतात, शेजारचीला चिकटतात, टोकाला रक्ताचे फुगे येतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला सगळीकडे इजाच दिसायला लागली. पटलांवरचं आवरण सुटलेलं दिसलं की लगेच ‘विषबाधा’. नंतर कळलं की मासा मेल्यावर कल्ला फॉर्मालिनमध्ये टाकायला उशीर झाला तरी आवरण तसंच सुटतं. नियंत्रण टाकीतल्या माशाच्या पट्टीतही ते होतं, फक्त मी तिथे शोधत नव्हते. तेव्हापासून मैत्रिणीकडून पट्ट्यांवर आकडे टाकून घेते, कुठली कुठल्या टाकीतली हे मला माहीत नसताना गुण देते आणि मगच यादी उघडते.

मात्रा ठरवताना एकदा नदीकडे पाहा. बहुतेक प्रबंधांत मात्रा मिलिग्राममध्ये असतात. नदी-तलावांतल्या नॅनोचांदीचे अंदाज बहुतेक नॅनोग्रामच्या घरातले आहेत. शिवाय सांडपाण्यातून जाताना चांदीचं सल्फाइड होतं, आणि ते फारच कमी विरघळतं. कॅनडात ओंटारिओतल्या प्रायोगिक सरोवरांच्या परिसरात संशोधकांनी २०१४ आणि २०१५मध्ये २२२ क्रमांकाच्या अख्ख्या सरोवरात नॅनोचांदी सोडून पिवळ्या पर्च माशांवर नजर ठेवली. तिथे कुणी ९६ तासांत मेलेले मासे मोजत नव्हतं. अंगात साठणारी चांदी, खाणं, वाढ, संख्या हे वर्षानुवर्षं पाहत होते. आपल्याला सरोवर मिळणार नाही. पण कमी मात्रा, लांब मुदत आणि रोहूसारखा आपल्या पानात येणारा मासा, असा प्रयोग विद्यापीठाच्या टाकीतही होऊ शकतो आणि त्याला आज जास्त किंमत आहे.

परवानगीचं एका दमात सांगते: मासा हा कशेरुकी प्राणी, त्यामुळे संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीसमोर प्रस्ताव ठेवा आणि मंजुरी आल्याशिवाय मासे आणू नका. नियतकालिकं मंजुरीचा क्रमांक मागतात, मागाहून तो मिळत नाही. मासे कमी लागावेत म्हणून झेब्राफिशच्या अंड्यांवरची ओईसीडीची २३६ क्रमांकाची चाचणी शिकून घ्या. दर मात्रेला वीस अंडी, २४ खणांची तबकडी, २६ अंश तापमान. हृदयाचे ठोके सूक्ष्मदर्शकातून पारदर्शक अंड्यात थेट दिसतात. मात्र अंड्याचं कवच कण अडवतं, हे लक्षात ठेवून निकाल वाचा.

आता पोटापाण्याचं. प्राणिशास्त्रातून येणाऱ्यांसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट हा ठरलेला रस्ता. बारावीनंतरच ठरवलं असेल तर मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी रत्नागिरी, उदगीर किंवा नागपूरला होते, आणि पुढे मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. प्राध्यापकीशिवाय वाटच नाही असं मात्र समजू नका. कीटकनाशकं आणि औद्योगिक रसायनांच्या नोंदणीसाठी माशांवरच्या चाचण्या लागतात आणि त्या उत्तम प्रयोगशाळा पद्धतीचं, म्हणजे जीएलपीचं, प्रमाणपत्र असलेल्या खासगी प्रयोगशाळांत होतात. भारत २०११पासून ओईसीडीच्या परस्पर-मान्यता व्यवस्थेत पूर्णपणे सामील असल्याने इथला अहवाल परदेशातही चालतो. पीएचडीनंतर मी अशाच एका ठिकाणी लागले.

मुलाखतीत शोधनिबंध किती, हे कुणी विचारलं नाही. विचारलं, “तुमच्या टाक्यांमधलं पाणी कुठून यायचं?” मी हायपोची सगळी हकीकत सांगितली; समोरचे गृहस्थ हसले आणि त्यांच्या एका अशाच फसलेल्या चाचणीबद्दल बोलत बसले. रुजू झाल्यावर पहिले दोन आठवडे मला माशांच्या खोलीत पाऊलही टाकू दिलं नाही. एकच काम होतं: सकाळी साडेआठला पाण्याच्या टाकीपाशी जायचं, सामू, कठीणपणा, क्लोरीन मोजायचे आणि पेनाने, खाडाखोड न करता, नोंदवहीत लिहून खाली सही करायची.